व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: चौदा जण, साडेसहा हजार फोटो (प्रकल्प नोंदी)

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सहून परतून आठवडा झाला. बुटांतली माती अजून गेलेली नाही आणि ग्रुपवरचा फोटोंचा पाऊस थांबलेला नाही. सातशेच्या वर फोटो येऊन पडलेत, त्यांतले निम्मे तेच ते, आणि दर तासाला कुणीतरी विचारतं, "हा कुठला गं?" आज सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत गाडी लावता लावता मीच बोलून बसले, की सगळ्यांचे फोटो एकत्र करून मी लावून देते. तेरा माणसांचे चेहरे एकदम उजळले. तेव्हाच समजायला हवं होतं.

आमचा कंपू दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचा. वय एकोणीस ते सदुसष्ट. नोंदीत नावं लिहीत नाही, ग्रुपमध्ये ज्या नावाने हाक मारतो तीच वापरते: काका (बँकेतून निवृत्त, वय सदुसष्ट), ताई, डॉक्टरीणबाई, कॉलेजवाला, जोडी (दोघं कधीच वेगळे दिसत नाहीत म्हणून) आणि दुबईकर, जो तिकडून थेट दिल्लीला उतरून आम्हाला हरिद्वारला भेटला.

ठरलं ते असं: मूळ फोटो एका ठिकाणी, वेळेच्या क्रमाने. त्यांतून दोनशेच्या आसपास निवडून कोजागिरीला आमच्या गच्चीवर पडद्यावर दाखवायचे. एक छापील अल्बम. मुदत १६ ऑक्टोबर.

२८ ऑगस्ट, बुधवार

पहिली अडचण, व्हॉट्सअ‍ॅप. तिथून आलेला फोटो आक्रसलेला असतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. फोनवर छान दिसतो, पण छापायला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तर जेमतेम सव्वापाच इंच. त्याहून वाईट म्हणजे फोटो केव्हा आणि कुठे काढला ही आतली माहिती पुसली जाते. म्हणजे क्रम लावायचा तर हे सातशे फोटो निरुपयोगी.

ग्रुपवर लिहिलं: "मूळ फाइल हवी. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका." उत्तरादाखल तीन अंगठे, एक नमस्कार आणि काकांचा "डॉक्युमेंट म्हणजे आधारकार्ड का?" ड्राइव्हवर टाकायला निघालेल्यांपैकी चौघांची १५ जीबी फुकटची जागा आधीच नातवंडांच्या व्हिडिओंनी भरलेली.

१ सप्टेंबर, रविवार

उपाय गडावरच सापडला. लॅपटॉप पाठीवर, दोन्ही टोकांचा पेन ड्राइव्ह आणि कार्ड रीडर खिशात. पिठलं-भाकरीवाल्या मावशींच्या चटईवर बसून एकेकाचा फोन घेतला. भाकरी येईपर्यंत एक फोन, दह्याचं मडकं संपेपर्यंत दुसरा. मावशींनी विचारलं, "इलेक्शनचं काम का?" पाच तासांत अकरा फोन आणि एक कॅमेरा उरकला. लॅपटॉपच्या कळांवर ठेचा सांडला, त्यात 'स'ची कळ अजून अडकते.

दुबईकराने आपल्या कॅमेऱ्याचे फोटो तिकडून लिंकने पाठवले. १,१०० फोटो, सगळे मूळ आकाराचे, नीट फोल्डरमध्ये. असा एक माणूस प्रत्येक ग्रुपात असावा, असं तेव्हा वाटलं.

४ सप्टेंबर, बुधवार

एकूण फाइली ६,४८२. एकसारख्या शोधणाऱ्या प्रोग्रामने ९१४ काढून टाकल्या. उरलेल्या सगळ्या फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावल्या, तर पहिलाच फोटो १ जानेवारी २०१५ चा. व्हॅलीच्या वाटेवरच्या घांगरियाचं खेचर, २०१५ साली! ताईंचा जुना कॅमेरा. बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ मूळपदावर जातं. हे सोपं होतं. ताईंनी पुलन्याला जीपच्या डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा फोटो काढलेला होता (का, ते त्यांनाही आठवत नाही), त्यावरून फरक काढला आणि एक्झिफटूलला (फोटोच्या आतली माहिती बदलणारा प्रोग्राम) एक आज्ञा देऊन त्यांचे सगळे तीनशे फोटो एका फटक्यात पुढे सरकवले.

छान झालं म्हणून स्वतःला कॉफी करून घेतली. बाकीच्यांची घड्याळं फोनची, ती आपोआप बरोबर असतात.

१० सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपतीत काम बंद ठेवलं होतं, पण एक नोंद करायलाच हवी. आज गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याच्या असतात, मुळांसकट. सासूबाई जुडी धुऊन पाटावर ठेवत होत्या आणि माझा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. पडद्यावर व्हॅलीतला गुलाबी फुलांचा माणसाएवढा उंच ताटवा. त्या ओल्या हाताने जवळ आल्या. "अगं, हा तर तेरडाच. एवढा दांडगा?"

तेरडाच. म्हणजे त्याच कुळातला, हिमालयन बाल्सम. इंग्रजी नावाने पाठ केलेलं फूल, तीन फोटोंवर तशीच ओळ लिहिली होती, आणि घरात गौर म्हणून दरवर्षी येणारं झाड मला तिथे ओळखू आलं नव्हतं. ओळ बदलली: "हिमालयातला तेरडा." रंग तीन दिवस टिकतो का ते पाहायला आम्ही तिथे तीन दिवस नव्हतो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दिवसवार फोल्डर तयार.

११ ऑगस्ट: ऋषिकेश ते जोशीमठ. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. प्रत्येक संगमावर तोच रंगांचा फरक आणि त्याचे तेच चौदा फोटो. जोशीमठात कुणीतरी भिंतीवरची लाल फुली टिपली आहे. २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हा राहायला धोकादायक घरांवर मारलेल्या खुणांपैकी एक. एका फोटोत त्या घरापुढे एक बाई कपडे वाळत घालतेय. तो वगळला. आपण सहलीला गेलो होतो, तिचं ते घर आहे.

१२ ऑगस्ट: गोविंदघाट, जीपने पुलना, तिथून चालत घांगरिया. सुमारे नऊ-दहा किलोमीटर, उंची ३,०५० मीटरच्या आसपास. या दिवसाचे फोटो पाहून एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये चारशे फोटो आहेत, शेवटच्या दोनमध्ये नऊ. त्या नऊतले चार मॅगीचे.

१३: व्हॅली. १४: हेमकुंड (डोंगरावरचं तळं आणि शिखांचा गुरुद्वारा). १५: घांगरियात झेंडा, मग खाली, बद्रीनाथ, माणा. १३ आणि १४ मिळून तीन हजारांवर फोटो. खरं काम तिथेच आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

फुलांची नावं. गडावरून उतरल्यावर माझ्याकडे पाच जणं बसली, साबुदाणा खिचडी आणि भांडण दोन्ही झालं.

भांडण ब्रह्मकमळावरून. जोडीने "व्हॅलीत फुललेलं ब्रह्मकमळ" म्हणून पाठवलेला फोटो वेळेप्रमाणे १४ तारखेचा, सकाळी साडेदहाचा निघाला. म्हणजे हेमकुंडच्या चढावरचा. आम्हाला ते व्हॅलीच्या वाटेवर कुठेच दिसलं नव्हतं. ते वर, चार हजार मीटरच्या पुढे, खडकांच्या बेचक्यात. हे मिटतंय तोवर ताई म्हणाल्या की मुळात हे ब्रह्मकमळच नाही. "माझ्या बाल्कनीत आहे ना! रात्री बाराला उमलतं, आम्ही सोसायटीतल्या बायकांना बोलावून आरती करतो."

दोन्हींना आपण एकच नाव दिलंय. पुण्याच्या बाल्कन्यांतलं ते निवडुंगाच्या जातीचं, मूळचं मेक्सिको नि मध्य अमेरिकेकडचं. पान लावलं की येतं, रात्री फुलतं, सकाळी मान टाकतं. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ते सूर्यफुलाच्या कुळातलं. खरं फूल आत जांभळट, बारीक, आणि बाहेरून फिकट पिवळसर, कागदासारख्या पानांचा द्रोण. फोटो मोठा करून दाखवला. द्रोणाच्या आत पावसाचं पाणी नव्हतं, बाहेर थेंब लटकलेले. "छत्रीच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई फोटोकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "आरती मात्र मी माझ्याच्यापुढे करणार."

सापकांदा सगळ्यांनी ओळखला. कोब्रा लिली म्हणून तिथला गाइड दाखवत होता, तेव्हा कॉलेजवाला म्हणाला होता की पहिल्या पावसात सिंहगडावर दिसतो तोच की हा. त्याचा भाऊबंद, एवढं खरं. निळी पॉपी हेमकुंडच्या वाटेवरच मिळाली, देठभर काटे. तिचे एकसष्ट फोटो, त्यांतले सत्तावन्न हललेले, कारण चढावर थांबून धापा टाकतच सगळ्यांनी काढलेत.

हेमकुंडची उंची किती लिहायची यावर एकमत झालं नाही. पाट्यांवर, पुस्तकांत आणि घड्याळात वेगवेगळे आकडे. "४,००० मीटरच्या वर" लिहून मोकळी झाले. लंगरातल्या खिचडी-चहाच्या फोटोंत वाफेमुळे सगळे धूसर दिसतात, त्यावर मात्र कुणाची तक्रार नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आता काकांच्या गोष्टीविषयी.

परतल्यापासून काका एक गोष्ट सांगतायत आणि आम्हीही ती पुढे सांगतोय. १३ तारखेला व्हॅलीत दिवसभर धुकं होतं. काका सगळ्यांच्या मागे, हळूहळू, आपली सिंहगडची बांबूची काठी टेकत जोन लेगच्या थडग्यापर्यंत पोचले, आणि ते पोचल्यावर ढग फाटले आणि दरीच्या टोकाला रताबन शिखर पूर्ण उघडं झालं. दहा मिनिटं. मग पुन्हा पडदा. "काका आले आणि ढग फाटले" ही आता ग्रुपातली म्हणच झालीय.

(जोन मार्गारेट लेग ही वनस्पती गोळा करायला १९३९ साली आलेली इंग्रज बाई. कड्यावरून घसरून तिथेच गेली. नंतर तिच्या बहिणीने तो दगड बसवला. गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि मंडळी १९३१ मध्ये कामेट शिखरावरून उतरताना या दरीत शिरली, तेव्हापासून बाहेरच्या जगाला ती ठाऊक. भ्यूंडारचे मेंढपाळ त्याआधीपासून तिथे जात होतेच.)

अल्बमचं मधलं जोडपान या गोष्टीला द्यायचं म्हणून फोटो शोधले. उघड्या रताबनचे फोटो फक्त तीन, तिन्ही दुबईकराच्या कॅमेऱ्याचे, ११:२० ते ११:२८. काकांच्या फोनवरचा थडग्याचा फोटो १२:३८ चा, दगडामागे नुसतं दूध. त्यानंतर रिमझिम लागली म्हणून त्यांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला तो घांगरियातच बाहेर काढला. मी स्वतः पावणेबाराला उतरताना काकांना भेटले होते, ओढ्याच्या अलीकडे. समोरचं माणूस दिसत नव्हतं.

म्हणजे ढग फाटले ते काका पोचायच्या तासभर आधी. ११:२० ला आम्ही चौघं थडग्यापाशी धुक्यात होतो हे खरं, पण दुबईकर एकटा पुढे नदीच्या पात्राकडे गेला होता. डोंगरात इथे धुकं आणि तिथे ऊन हे नेहमीचंच.

ग्रुपवर टाकलं: "काका, गंमत सापडली! वेळा पाहा." तिन्ही फोटो, शेजारी काकांचा, खाली वेळा. हसण्याचे बरेच चेहरे आले. काकांचं काही आलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

काका गडावर आले नाहीत. गुडघा, असं कळवलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

काकांनी नातवाच्या हाती एक पाकीट पाठवलं. वर पेन्सिलीने: "जमलं तर स्कॅन कर." आत ३१ प्रिंट, कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख, ऑगस्ट १९९४. काका तेव्हा ऑफिसातल्या मित्रांबरोबर व्हॅलीला गेले होते हे आम्हाला माहीतच नव्हतं. ते कधी बोललेच नाहीत. सदतीस वर्षांचे काका, कानटोपी, खांद्याला एअरबॅग. तेव्हा गोविंदघाटापासूनच चालावं लागे. एका प्रिंटमध्ये भ्यूंडार गाव आहे, घरं, ओट्यावर राजमा वाळत घातलेला. आमच्या या वेळच्या फोटोंत त्या वाटेवर नदीचे गोटेच गोटे. जून २०१३ च्या पुराने तो सगळा काठ बदलला. दोन फोटो शेजारी ठेवले तर मागच्या डोंगराची कड तेवढी जुळते.

आणि चोविसाव्या प्रिंटमध्ये, स्वच्छ आकाशात, रताबन.

मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. तीस वर्षांपूर्वी पाहिलेलं शिखर मनाने यंदाच्या धुक्यात आणून उभं केलं. काका खोटं बोलत नव्हते, त्यांनी ते पाहिलंच होतं, फक्त १९९४ साली. कोजागिरीला या दोन फोटोंवर चार वाक्यं बोलायची असंही ठरवून टाकलं. वाक्यं लिहूनसुद्धा काढली. आता वाचवत नाहीत.

प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केले. मागच्या बाजूसुद्धा, कारण तिथे बॉलपेनने खर्च लिहिलाय: "चहा २, खेचर नाही."

३० सप्टेंबर, सोमवार

आज 'नापास' फोल्डर रिकामं करायला बसले. हललेले, डोळे मिटलेले, अंगठ्याचे असे हजारभर. पुसायच्या आधी एकदा नजर फिरवावी म्हणून पाहत होते.

कॉलेजवाल्याची छत्री. व्हॅलीतून परतताना गेटपाशी सगळे चहाला जमलो होतो, वाऱ्याचा झोत आला आणि त्याची छत्री उलटी झाली, कपबशीसारखी. तो क्षण माझ्या फोनवर आहे: ३:१२. तोच क्षण, तीच छत्री, तोच वर उडालेला हात, दुबईकराच्या कॅमेऱ्यात हललेला. त्यावर वेळ १:४२.

दोनदा पाहिलं. मग उठून पाणी प्यायले.

दीड तास. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. फोन दिल्लीला उतरल्यावर आपोआप बदलला, पण कॅमेऱ्याला कोण सांगणार? ताईंचं २०१५ ओरडून सांगत होतं म्हणून दुरुस्त झालं. दीड तास मात्र दिवसात कुठेही खपून जातो. माझ्या नीटनेटक्या मित्राचे अकराशे फोटो सगळ्या दिवसांत दीड तास आधी घुसले होते आणि मला काहीच खटकलं नव्हतं. आता आठवतंय, १५ तारखेला झेंडा चढण्याआधीच त्याच्या फोटोत लोक लाडू खात होते. तेव्हा मी म्हटलं, लाडू आधी वाटले असतील.

घड्याळ पुढे सरकवलं. रताबनचे फोटो १२:५० ते १२:५८ झाले. काका थडग्यापाशी १२:३८.

दुबईकराला फोन लावला. "हो गं, काका होते ना तिथे," तो म्हणाला. "मी परत येत होतो नदीकडून. का? तू विचारलंच नाहीस."

नाहीच विचारलं. वेळा होत्या ना माझ्याकडे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

काकांकडे गेले. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. लॅपटॉप उघडून छत्री दाखवली, दीड तास समजावला. काका चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याने तिकडचाच पगार धरला." काकूंनी पोहे आणले. माफी मागितली तर म्हणाले, "अगं, मलाच शंका यायला लागली होती. म्हणून ते जुने फोटो काढले. ते पाहून तर आणखीच वाटायला लागलं, की मी तेच पाहिलं असेन." पोह्यांवरचं खोबरं बोटाने बाजूला सारत होते. "दहा दिवस मी ते शिखर बघायचा प्रयत्न करतोय डोळे मिटून. कधी यंदाचं दिसतं, कधी तेव्हाचं."

यावर मला काही बोलता आलं नाही. पोहे खाल्ले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. रात्री सगळा क्रम नव्याने लावला. दुबईकराचे फोटो हलल्यामुळे पन्नासेक ओळी चुकीच्या ठरल्या, त्या बदलल्या.

आणि एक सापडलं. तीन रताबनपैकी तिसरा फोटो मी अल्बमसाठी आधीच कापून ठेवला होता. डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी पोंचो येत होता, चित्र बिघडत होतं. आज मूळ फाइल उघडली. निळा पोंचो, पाठमोरा, मान वर. डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. ती पट्टी गेल्या वर्षी कल्याण दरवाज्याशी काठी चिरली तेव्हा मीच लावली होती.

कापलेली प्रत पुसली.

९ ऑक्टोबर, बुधवार

प्रत्येकाकडून एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण मागवलंय: फोटोत नसलेली एक आठवण. बारा आली. घांगरियात ओले मोजे तंदूरच्या भिंतीला वाळवले त्याचा वास (डॉक्टरीणबाई). हेमकुंडच्या पाण्यात बुडी मारल्यावर आपल्याच दातांचा आवाज (कॉलेजवाला). जोडीतल्या दोघांनी एकच प्रसंग पाठवला, पण तिच्या आवृत्तीत तो रडला आणि त्याच्या आवृत्तीत ती. वेळा तपासायचा मोह झाला नाही. दोन्ही ठेवलेत.

वाटायच्या प्रतींतून ठिकाणाची माहिती काढून टाकली, कारण घरी परतल्यावरचे फोटोही त्यात आहेत. झोपलेल्यांचे, कपडे बदलताना चुकून आलेले आणि लहान पोरांचे परक्यांनी काढलेले फोटो वगळले. काकूला पाठीवरच्या कंडीत बसवून नेणाऱ्या दादाचा फोटो (काकू दुसऱ्या ग्रुपमधल्या, वाटेत भेटलेल्या) सगळ्यांना आवडतो, पण त्याची परवानगी कुणी घेतली नव्हती. अल्बममध्ये नाही. मात्र पुलन्यातल्या चहावाल्या भाभींनी स्वतः हौसेने उभं राहून फोटो काढून घेतला होता. त्यांच्यासाठी दोन प्रिंट काढल्या, पुढच्या मोसमात कुणी जाईल त्याच्या हाती.

१३ ऑक्टोबर, रविवार

अल्बम छापून आला. छापणाऱ्याने निळी पॉपी जांभळी करून ठेवली. नमुना पान मागितलं होतं तेव्हा "रंग बरोबरच येतात मॅडम" म्हणाले. भांडून दोन पानं पुन्हा छापून घेतली, आता ती जरा कमी जांभळी आहेत. मधलं जोडपान मात्र सुरेख: डावीकडे १९९४, उजवीकडे २०२४, दोन्ही रताबन. खाली फक्त तारखा आणि वेळ.

वेळ तीनदा तपासली.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

पडदा म्हणजे डबल बेडची पांढरी चादर, कपडे वाळवायच्या दोरीला चिमट्यांनी. वाऱ्याने अधूनमधून हिमालय फुगत होता. चंद्र ढगात, म्हणून प्रोजेक्टरला बरंच झालं. २०८ फोटो, एक तास दहा मिनिटं. दूध दोनदा आटवायला ठेवलं, एकदा लागलं.

ब्रह्मकमळाला ताईंनी आपल्या बाल्कनीतल्याचाही फोटो जोडायला लावला होता, तो आल्यावर टाळ्या. तेरड्याला सासूबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "हा मी ओळखला."

रताबनचा तिसरा फोटो आला. मी काही बोलले नाही, नुसता पॉइंटर कोपऱ्यातल्या निळ्या पोंचोवर नेला. दोन क्षण कुणाला कळलं नाही. मग कॉलेजवाला ओरडला, "काठी बघा!" एकच गलका झाला. "काका आले आणि ढग फाटले" तीनदा झालं.

काका खुर्चीत पुढे झुकून बघत होते. गलका ओसरल्यावर म्हणाले, "पोंचो माझा नाही. डॉक्टरीणबाईंचा आहे. माझा फाटला होता." मग मला हळूच, "जरा थांबव इथेच." दूध येईपर्यंत तो फोटो चादरीवर तसाच ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे, एक ताईंकडे. सामायिक फोल्डर ३० नोव्हेंबरला बंद होईल, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. आतापर्यंत उतरवून घेणारे: तीन. बाकीचे ग्रुपवर विचारतायत, "तो छत्रीचा पाठव ना."

'नापास' फोल्डर पुसायचं होतं. ठेवलंय.

दुबईकराने विचारलं, कॅमेऱ्याचं घड्याळ बदलू का. म्हटलं राहू दे, तू तिकडेच आहेस, आता ते बरोबर आहे.